पुलाखालच्या दोन भाकरी

बाजरीच्या दोन भाकरी, कांदा, ठेचा. फडक्यात बांधून. सोळा वर्षं.

पुलाचा फोटो काढण्यास सक्त मनाई आहे. एकाहत्तरची लढाई डिसेंबरात संपली, पाटी तशीच राहिली.

पाकिटावरच्या तिकिटावर इंग्लंडची राणी डावीकडे बघते.

छबूबाईच्या हातचं कालवण खाल्लेला माणूस म्हणे दुसरीकडे जेवत नाही.

विळद स्टेशनच्या फलाटावर माठ तीन. चौथा फुटका.

"भागिरथीबाई, जरा इकडे या. तुमचे यजमान याच लायनीवर चावीवाले होते ना?"

माठात घागर रिकामी करून, पदराला हात पुसत भागिरथी ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. देवचके मास्तर तीन महिन्यांपूर्वीच इथे बदलून आले होते. त्यांच्या टेबलावर फोटो पसरले होते. कोणी एक गोरा गेल्या हिवाळ्यात वाफेच्या इंजिनांचे फोटो काढत या लायनीच्या कडेने पायी फिरला होता. कुठला फोटो कुठे काढला ते लिहिलेली वही त्याने प्रवासात हरवली. आता विलायतेहून फोटो पाठवून तो विचारत होता : वांबोरी आणि विळदच्या मधल्या या जागा नेमक्या कोणत्या, पाठीवर लिहून परत पाठवाल का?

"वैनीला काय इचारता मास्तर?" पॉइंट्समन श्रीमंत म्हणाला. "वैनी कधी सिग्नलच्या पुढं चालत गेलेली न्हाई. इचारायला रखमा पायजे हुता. आन् त्यानं बी निम्म्या थापाच मारल्या असत्या."

श्रीमंत हसला. भागिरथीही हसली. रुळांवर काम करणारी सगळी गँग तिच्या नवऱ्याला, रखमाजीला, थापाड्याच म्हणायची.

थापा त्या अशा. खांद्यावर हातोडा टाकून रखमाजी सकाळी निघायचा, रुळांच्या सैल झालेल्या चाव्या ठोकत वांबोरीच्या बाजूला तीन मैल जायचा आणि तीन मैल परत यायचा. रात्री जेवता जेवता तीच वाट तोंडाने पुन्हा चालायचा. अमक्या तारेच्या खांबावर घारीने घरटं केलं. तमका खडक पाणी प्यायला वाकलेल्या म्हशीसारखा दिसतो. भागिरथी चुलीपाशी बसून ऐकायची.

"आन् दुपारची भाकरी कुठं खाता?"

"पुलाखाली. दुसऱ्या गाळ्यात. लई गार असतं."

गँगमधली माणसं वेगळं सांगायची. पुलाच्या अलीकडेच छबूबाईची वस्ती होती. एकटी बाई, दोन म्हशी, दारात लिंबाची सावली. रखमा तिथं जेवतो, आणि घरच्या भाकरी म्हशींना घालतो.

पूल तीन मैलांच्या आतच. एखाद्या दिवशी जाऊन बघता आलं असतं. तो होता तेव्हा ती गेली नाही. एकोणसत्तर साली काविळीने तो गेला, त्याच्या जागी तिला फलाटावर पाणी भरायची नोकरी मिळाली, तेव्हाही गेली नाही. पुलाखाली काहीच नसतं, तर सोळा वर्षांच्या भाकरींचं काय करायचं?

फोटो चौथा.

मास्तर म्हणाले, "इंजिन."

श्रीमंत म्हणाला, "इंजिन, मालगाडीचं."

भागिरथीने इंजिनावर अंगठा ठेवून ते झाकलं. मागे उरलेलं बघत राहिली.

"ही म्हस," ती म्हणाली.

"कुठंय म्हस?"

"ह्यो खडक. मान खाली घातलीय बघा. हितनं म्होरं रूळ डाव्या अंगाला वळत्यात."

श्रीमंतने फोटो उजेडात नेला. रोज मालगाडीतून ये-जा करणारा माणूस तो. "आयला, व्हय की. ह्यो वांबोरीच्या बाजूचाच खडक. म्हस म्हनून कधी बघितलाच न्हाई."

मास्तरांनी पाठीवर लिहिलं. पेन्सिलीने, खात्री झाल्यावर शाईने लिहिणार होते.

फोटो सातवा.

"घारीचा खांब. घरटं पडल्यालं दिसतंय."

फोटो दुसरा.

"ह्यो मला म्हाईत न्हाई." मग थोड्या वेळाने, "थांबा. बाभळी मोजा."

"सहा आहेत," मास्तर म्हणाले.

"सात हुत्या. एक गँगमनच्या पोरीच्या लग्नात तोडली. बुंधा असंल बघा, चौथ्या आन् पाचव्याच्या मधी."

बुंधा होता.

"पोरगी माझीच हुती, तवा मी गँगमधी हुतो," श्रीमंत म्हणाला आणि फोटो गपकन खाली ठेवला. "मास्तर, बाभळीचं काय लिवू नका."

मास्तर पहिल्यांदाच मोठ्याने हसले. बसायला स्टूल पुढे सरकवलं. भागिरथी बसली नाही. तिने सगळे फोटो उचलले आणि पत्ते लावावेत तसे टेबलावर ओळीने लावले, वांबोरी त्या टोकाला, विळद या टोकाला. आठ फोटो. मग ओळीतल्या सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये हाताने जागा केली.

"हितं एक कमी हाय."

"पत्रात जेवढे आले तेवढे—"

"गोरा पायी आला ना? दर थोड्या अंतरानं उभा ऱ्हायलाय. म्हशीपाशी उभा ऱ्हायला, बाभळीपाशी ऱ्हायला. मंग पुलापाशी का न्हाई?"

मास्तर टोपीकडे बघू लागले. टोपी खुंटीवर होती. शेवटी त्यांनी ड्रॉवर ओढला.

"पुलाचा आहे, बाई. मनाई आहे. तो मी परत पाठवणार नाही, आणि माझ्याकडे आला होता हेही कुठे बोलू नका."

"पाठवू नका. नुसता दावा."

तिचा आवाज बदललेला श्रीमंतलाही कळला. तो दाराकडे जायला निघाला.

"श्रीमंत भावजी, थांबा हितंच," ती म्हणाली. "तुमी बी बगा."

फोटो नववा.

खाली शेतातून काढलेला. वर इंजिन, धूर, सकाळचं ऊन. खाली पुलाचे तीन गाळे. ऊन तिरपं, त्यामुळे दुसऱ्या गाळ्याच्या भिंतीपर्यंत पोचलेलं. खाली तीन दगड मांडलेले, वर काजळी.

"धनगराची चूल असंल," श्रीमंत हळूच म्हणाला.

"असंल. मास्तर, तुमचं भिंग द्या."

तिने भिंग फोटोवर धरलं. लांब केलं, जवळ आणलं. फलाटावर कुणीतरी माठाशी पेला खडखडवत होतं. ती गेली नाही.

"खिळा," ती म्हणाली.

मास्तर वाकले. दुसऱ्या गाळ्याच्या भिंतीत, दगडांच्या सांध्यात, पुरुषभर उंचीवर एक खिळा होता. त्याची सावली त्याच्या तिप्पट लांब पडली होती.

"मुंग्या लई हुत्या तिथं," भागिरथी म्हणाली. "भाकरीला लागायच्या. म्हनून रुळाचा जुना खिळा ठोकला आन् गठुडं त्याला अडकवायला लागले. मला म्हनले, कुनाला सांगू नको."

"पुलात खिळा?" मास्तर म्हणाले. "अहो, गुन्हा आहे हा!"

"व्हय. म्हनूनच सांगितलं न्हाई त्यांनी कुनाला."

श्रीमंतने भिंग घेतलं. बराच वेळ बघितलं. "वैनी, आमी आपलं गमतीनं म्हनायचो. छबूबाईचं."

"तुमी गमतीनं म्हनायचा. मी गमतीनं ऐकत नव्हते."

त्याने भिंग मास्तरांसमोर ठेवलं.

खिळा आहे म्हणजे रोजच तिथे जेवला असं होत नाही. एखाद्या दिवशी कालवणाचा वास आला असेल, पाय वळले असतील. एवढं भागिरथीला कळत होतं. पण मुंग्या खऱ्या होत्या. म्हस खरी, घार खरी, सातवी बाभूळ खरी. एवढ्या खऱ्यात थोडं इकडचं तिकडचं तिला चालणार होतं.

"तुम्ही ठेवा हा," मास्तर म्हणाले. "नाहीतरी माझ्याकडे ड्रॉवरातच पडणार. कुणाला दाखवू नका म्हणजे झालं."

तिने फोटो ओळीत, सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये ठेवला, आणि जरा बघून परत त्यांच्याकडे सरकवला.

"कशाला? बुधवारी माझी सुट्टी असती. जाईन की चालत. तीन मैल बी न्हाई."

"भाकरी बांधून न्या," श्रीमंत म्हणाला.

"दोन नेते. तुमी येता का? खिळ्याला हात पुरतुय का बगू."

"मला नगं. मुंग्या लागत्यात."

ती हसत बाहेर गेली. माठाशी दोन म्हातारे आणि एक बाई ताटकळत उभी होती. तिने घागर उचलली.

१९५३ च्या मे महिन्यात राहुरीहून विळदला आलेल्या वऱ्हाडाच्या डब्यात नवरीला खाली, बायकांच्या गराड्यात बसवलं होतं, आणि नवरदेव रखमाजी दारात उभा राहून बाहेर काय काय दिसतंय ते सगळ्या डब्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगत होता.