पाटावरून उचललेली बॅग

किर्रर्र.

रविवारची दुपार होती. लंडनमधल्या वेम्बलीतल्या त्या छोट्याशा फ्लॅटमध्ये सगळं निवांत झालं होतं, फ्रिजसुद्धा गुरगुरायचा थांबला होता, आणि नेमकं तेव्हाच माझं डावं चाक वाजलं. वैभवीने दोन्ही हातांनी माझं हँडल घट्ट धरलं, जणू माझं तोंडच दाबलं. आतल्या खोलीत तिची छोटी लेक सान्वी नुकतीच झोपली होती.

मित्रांनो, मी एक जुनी, चाकांची बॅग आहे. काळी, चौकोनी, एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली. माझ्या झाकणावर एक लालसर डाग आहे. तो कुंकवाचा आहे. कोर्टात जाणाऱ्या बॅगेला कुंकू कसं लागलं ते सांगतेच, पण आधी मी या घरात कशी आले ते ऐका.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं आता फारसं आठवत नाही, शिलाई मशिनांची घरघर तेवढी कानात राहिली आहे. मग ईलिंग रोडवरच्या एका दुकानाबाहेर आम्ही बऱ्याच जणी साखळीने बांधलेल्या उभ्या होतो. दुकानदार येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "केबिन साइझ आहे, कुठल्याही विमानात बसेल." ते ऐकून ऐकून मला वाटायला लागलं होतं की आपलं आयुष्य ढगांत जाणार. एके दिवशी वैभवी आली. तिने विमानाचं काही विचारलंच नाही. पिशवीतली जाडजूड फाइल काढली, माझ्यात आधी उभी घालून पाहिली, मग आडवी, आणि म्हणाली, "चार बसतील." ढगांचा विषय तिथेच संपला.

वैभवी सॉलिसिटर आहे. पण काचेच्या उंच इमारतीत बसणारी नव्हे. ज्यांना वकिलाची फी परवडत नाही, अशा लोकांसाठी एक लॉ सेंटर आहे, तिथे ती काम करते. तिच्याकडे येणाऱ्यांचं घर जायची वेळ आलेली असते. कुणाचं भाडं थकलेलं, कुणाला घरमालकाने बाहेर व्हायला सांगितलेलं, कुणाला कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, उद्या या, परवा या करून दमवलेलं. काही सकाळी काउंटी कोर्टात तिची ड्यूटी असते. त्या दिवशी जो कुणी भेदरून येईल, त्याला एका बिनखिडकीच्या खोलीत बसवायचं, त्याचं सगळं ऐकून घ्यायचं, आणि लगेच जजसमोर त्याच्यासाठी उभं राहायचं. त्या खोलीत मी कितीतरी रडणी ऐकली आहेत. रडताना माणसं का कोण जाणे, माझं हँडल धरतात.

कोर्टाच्या दारावरचा सिक्युरिटीवाला मला तपासताना दर वेळी विचारायचा, "काय, आज सुट्टीवर स्पेनला का?" वैभवी म्हणायची, "हो, खिडकीजवळची सीट मिळालीय." जिने मात्र आम्ही दोघी मुकाट्याने चढायचो. स्टेशनची लिफ्ट बंद असली की ती पायऱ्या मोजायची आणि मी प्रत्येक पायरीवर आपटायचे.

आता थोडं कंटाळवाणं सांगते, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. वकील व्हायला या देशात फार खर्च येतो. युनिव्हर्सिटीचं सरकारी लोन पगारातून आपोआप कापलं जातं, त्याचं ओझं कळत नाही. पण सॉलिसिटर होण्याच्या कोर्ससाठी वैभवीने बँकेचं वेगळं कर्ज काढलं होतं. तिच्याबरोबरची मुलं मोठ्या फर्म्समध्ये गेली, त्यांची फी फर्म्सनीच भरली. लॉ सेंटर कुठून भरणार? तिथे तर केटलसुद्धा कुणीतरी घरून आणलेली. मग एक छोटा ट्रस्ट मदतीला आला. गरजूंची वकिली करणाऱ्या तरुण वकिलांचा बँकेचा हप्ता तो ट्रस्ट भरायचा. अट एकच होती. काम याच लोकांसाठी हवं, आणि पूर्ण वेळ हवं.

सान्वी झाल्यावर वैभवीला आठवड्यातला एक दिवस तिच्यासाठी ठेवायचा होता. पण मग काम पूर्ण वेळ राहिलं नसतं आणि मदत थांबली असती. म्हणून तिने तो दिवस मागितलाच नाही. माझ्या पुढच्या कप्प्यात मात्र ओले रुमाल, बिस्किटांचा चुरा आणि सान्वीची चोखणी येऊन राहिली. एकदा जजसमोर कागद काढताना ती चोखणीच हातात आली. जजबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं की हा पुरावा कितव्या पानावर आहे. त्या दिवशी मी वैभवीला कोर्टात पहिल्यांदा हसताना पाहिलं.

एका शुक्रवारी नर्सरी बंद होती, तेव्हा सान्वीही लॉ सेंटरला आली. ती माझ्यावर बसून मला घोड्यासारखी हाकत होती. तेव्हा श्यामला तिथे आल्या. शाळेच्या किचनमध्ये काम केलेल्या, मूळच्या तमिळ, एकट्याच राहणाऱ्या. त्यांच्या घरमालकाला घर विकायचं होतं आणि त्यांना जायला जागा नव्हती. पर्समधून डबा काढून त्यांनी सान्वीला मुरुक्कू दिलं. आपल्या चकलीचीच बहीण ती. तेव्हापासून त्या सान्वीच्या मुरुक्कूवाल्या आजी झाल्या.

या वर्षी ट्रस्टने सगळ्यांना चहाला बोलावलं आणि सांगितलं, आमच्याकडचा निधी संपत आलाय, वसंतानंतर हप्ते तुमचे तुम्हाला भरावे लागतील. बिस्किटं चांगली होती म्हणे. वैभवी घरी आली ती कोट न काढताच माझ्याशेजारी पॅसेजमध्ये बसली. नंतर शहरातल्या एका मोठ्या फर्मने तिला नोकरी देऊ केली. मोठमोठ्या इमारतींच्या खरेदी-विक्रीचं काम. बँकेचं कर्ज ते फेडणार, दोन दिवस घरून काम, आणि कागद ओढायला नकोत, कारण तिथे सगळं स्क्रीनवर.

तिचा नवरा गंधार म्हणाला, "घे गं. दमलीयस तू. तुझ्या जागी कुणीतरी येईलच." त्याचं चूक नव्हतं. रात्री उठून सान्वीला पाणी तोच द्यायचा, वैभवीला जाग यायची नाही.

मग खंडेनवमी आली. ज्या हत्यारांवर आपलं पोट चालतं त्यांची त्या दिवशी पूजा करायची, आणि त्यांना विश्रांती द्यायची, हे तुम्हाला ठाऊक असेलच. गंधारची आई, सुलक्षणाबाई, इथल्याच हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होत्या. रिटायर झाल्या तरी त्यांचा स्टेथोस्कोप दर वर्षी पाटावर येतो. त्याच्याजवळ गंधारचा लॅपटॉप, सान्वीचे रंगीत खडू, आणि या खेपेला मी. वैभवी आंघोळ करून येईपर्यंत मला हळद-कुंकू लागलं होतं आणि झिपमध्ये झेंडूचं फूल खोचलं होतं. मला कुणी पाटावर बसवलेलं ते पहिल्यांदाच. खरं सांगू, मला रडूच आलं असतं.

पण त्या दिवशी वैभवीची ड्यूटी होती, आणि श्यामलांची तारीखही.

"आज हत्यार उचलायचं नसतं," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"आई, आज ज्यांचं घर जाईल त्यांना काय सांगू? हत्यार पाटावर बसलंय, उद्या या?"

मग सुलक्षणाबाईंनी स्वतःच वाकून मला उचललं. "जा. मी तरी कुठे पाळलं. तेहतीस वर्षांत एकाही नवमीला घरी नव्हते. फूल तेवढं राहू दे."

सिक्युरिटीवाल्याने फुलाकडे पाहिलं आणि त्या दिवशी स्पेनचं काही विचारलं नाही. बिनखिडकीच्या खोलीत श्यामला कागदांचं पाकीट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माझ्यावरचं कुंकू दिसताच त्यांनी मला हात जोडले. वैभवी जजबाईंपुढे उभी राहिली. तिचा आवाज बसला होता, तरी ती थांबली नाही. पुढची तारीख मिळाली आणि तोवर घर श्यामलांचंच राहिलं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "तू असलीस की मला भीती नाही." वैभवीने फक्त त्यांचा हात दाबला. ती पुढची तारीख वसंतानंतरची होती.

फर्मला उद्या, सोमवारी, उत्तर द्यायचं आहे. म्हणून आज दुपारी वैभवी मला रिकामी करून पाहत होती. एकेक फाइल जमिनीवर ठेवत होती, दुसऱ्या कुणाला कुठली द्यायची ते ठरवत.

मित्रांनो, एवढंच मागते. जो दुसऱ्यांचं ओझं ओढतो, त्याचं चाक वाजायला लागलं तर कानावर हात ठेवू नका. त्याला वेळेवर तेल द्या. चांगली चाकं काही एकदम मोडत नाहीत. ती आधी पुष्कळ दिवस वाजत राहतात, आणि सगळे म्हणतात, चालतंय की अजून.

आज माझ्या आवाजाने शेवटी सान्वी उठलीच. डोळे चोळत, ब्लँकेट ओढत दारात आली.

"मम्मा, तू बॅग रिकामा का करते?"

वैभवीने तिला मांडीवर घेतलं. सांगितलं की कदाचित मम्मा दुसऱ्या ऑफिसला जाईल. तिथे ही बॅग लागणार नाही. मग नर्सरीतून घ्यायला मम्माच येईल, दोन दिवस तरी नक्की. सान्वी खूश झाली. तिने वैभवीच्या गळ्यात हात टाकले. मग तिची नजर खालच्या फाइलींवर गेली, आणि झिपमधल्या सुकलेल्या झेंडूवर.

"मग मम्मा," ती म्हणाली, "मुरुक्कूवाली आजीबरोबर कोण जाणार?"