अंगठा राहिलेली मूठ

मित्रांनो, मी चित्रं छापणारं एक जुनं यंत्र आहे. एकावर एक फिरणारे दोन पोलादी रूळ, हाताने फिरवायचं चाक आणि दाब कमीजास्त करणारे दोन स्क्रू, एवढाच माझा संसार. शाई भरलेला तांब्याचा कोरीव पत्रा, त्यावर ओला कागद, त्यावर लोकरीचं जाड कापड. हे सगळं रुळांमधून गेलं, की कागदावर चित्र उमटतं.

मला कला महाविद्यालयात आणलं, तेव्हा आमच्या बाई तिथे विद्यार्थिनी होत्या. चाकाला अक्षरशः लोंबकळायच्या. "यंत्र चालवतेस की झोका घेतेस?" त्यांचे सर हसायचे. पुढे बाई तिथेच शिकवू लागल्या. रोज संध्याकाळी त्यांचा एकच ओरडा, "दाब सैल करा रे! मागून आवरायला मी काय तुमची आई आहे?"

आई त्या झाल्याच. तान्ह्या लेकीला कागदांच्या टेबलावर निजवून त्यांनी तिची मिटलेली मूठ पत्र्यावर कोरायला घेतली. अंगठा राहिला. मग परीक्षा आल्या, मग दुसऱ्यांची प्रदर्शनं. "पुढच्या सुट्टीत नक्की," म्हणत पत्रा कपाटात गेला. मित्रांनो, सव्वीस सुट्ट्या झाल्या! मी हजारो चित्रं छापली, पण त्या कपाटाचं दार वाजलं की माझा जीव खालीवर व्हायचा. आज काढतील? आज?

यंदा सुट्टीच्या आदल्या दिवशी बाईंना फोन आला. लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. बाई तशाच धावल्या आणि दाब सैल करायचा विसरल्या. त्याही, बरं का! दोन महिने ओलं कापड माझ्या रुळांत चिरडून राहिलं. वरच्या रुळावर गंजाचा पट्टा चढला आणि कापडातूनही आरपार उतरला. सुट्टी संपताच नवे प्राचार्य म्हणाले, "सोमवारी हे भंगारात. इथे संगणक बसतील." बाईंची निवृत्तीही त्याच आठवड्यात.

शुक्रवारी लेक बाळाला घेऊन आली. बाईंनी कपाट आवरताना काढलेला पत्रा बघून म्हणाली, "आई, अजून अर्धीच?"

"अंगठा राहिलाय गं."

"माझा बघून काढू नकोस हं, आता ढब्बू झालाय. याचा घे."

बाईंनी नातवाचा अंगठा कोरला. तेल घालून माझे स्क्रू सोडवले. बाईंचा खांदा दुखत होता, म्हणून बाळ त्यांनी घेतलं आणि चाक लेकीने धरलं. माझं चाक कुरकुरलं, अडलं, पण फिरलं.

मूठ उमटली. मनगटावर माझ्या गंजाची फिकट रेघ आली होती. "वाया गेलं," बाई पुटपुटल्या.

"राहू दे," लेक म्हणाली. "सही कर आधी."

जाताना बाईंनी दोन्ही स्क्रू सैल केले.

सोमवारी टेम्पो येईल. मला भंगारात देऊ नका, हे सांगायला बाई प्राचार्यांना पुन्हा भेटणार आहेत म्हणे; मी दाराकडे कान लावून आहे. तुम्ही मात्र एवढं करा. काम झालं की दाब सैल करा. आणि तुमच्या घरात कुणाचा अर्धा पत्रा कपाटात पडला असेल, तर घटकाभर चाक तुम्ही धरा.