पट्ट्याखालचं एक बोट

माझ्या सासऱ्यांना आयुष्यात कुणी बॅटरीवरचं घड्याळ भेट दिलं नव्हतं. तेवढी हिंमतच कुणाची झाली नाही. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची चावीची घड्याळं दुरुस्त केली आणि बाकीच्या सगळ्या घड्याळांना ते 'ती खेळणी' म्हणत. त्यामुळे पळणाऱ्या पोरापोरींसाठी बनवलेलं, रबरी पट्ट्याचं काळं जीपीएस घड्याळ त्यांच्या मनगटावर आलं, तेव्हा घरात सगळ्यांनी तोंड फिरवून हसून घेतलं. आणलं माझ्या नवऱ्याने, पण हुकूम डॉक्टरीणबाईंचा होता, त्यामुळे सासऱ्यांची बोलती बंद होती.

या सगळ्याच्या मुळाशी मनोऱ्यावरचं घड्याळ होतं. आमच्या नगरपालिकेच्या इमारतीला एक मनोरा आहे आणि त्यात जुनं, वजनांवर चालणारं भलंमोठं घड्याळ आहे. चौऱ्याण्णव पायऱ्या चढून दर मंगळवारी त्याला चावी द्यायचं काम सासरे एकतीस वर्षं करत होते. मग त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही, आधी विचारलं, "मंगळवारी चावी कुणी दिली?" कुणीच दिली नव्हती. घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर थांबलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी अट घातली. सहा आठवडे रोज सकाळी चालायचं. चालताना नाडी मिनिटाला एकशे दहाच्या वर जाता कामा नये. घड्याळातली रोजची नोंद दाखवायची. "नोंद चांगली असली तर मनोऱ्याचं बघू," त्या म्हणाल्या. "नाहीतर मनोरा विसरा."

ते 'विसरा' सासऱ्यांनी फार मनाला लावून घेतलं. जेवताना मध्येच घास हातात धरून बसायचे.

पहिल्या आठवड्यात त्या घड्याळाने नुसता धुमाकूळ घातला. सासरे रोज एकाच रस्त्याने जात, नदीकाठच्या पुलापर्यंत आणि परत. पण फोनमधल्या नकाशावर पाहावं तर ते कधी पोहण्याच्या तलावातून पलीकडे गेलेले, कधी तीन इमारतींच्या भिंती भेदून आलेले. एका सकाळी तर चक्क तुरुंगाच्या आवारात वळसा घेऊन आले होते.

"बाबा, सुटलात कधी?" मी विचारलं.

"खेळण्याकडून काय अपेक्षा करायची?" ते म्हणाले आणि घड्याळ काढून ठेवायला आत गेले.

मी जमीनमोजणीच्या कार्यालयात काम करते. दिवसभर तिपाईवर जीपीएसचं यंत्र लावून लोकांच्या कुंपणांची भांडणं सोडवते. यंत्र खोटं बोलतंय असं कुणी म्हटलं की माझं डोकं सटकतं, कारण दहातल्या नऊ वेळा यंत्र नाही, माणूस घाईत असतो. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग निघाले आणि काय होतंय ते दोन मिनिटांत कळलं. आमच्या घरात प्रत्येक घड्याळ रात्रभर झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतात, धूळ जाऊ नये म्हणून. ते काळं घड्याळही त्याच डब्यात झोपत होतं. सकाळी सासरे ते डब्यातून काढणार, मनगटाला बांधणार, आमच्या अरुंद गल्लीत चार मजली इमारतींच्या मधोमध बटण दाबणार आणि ताडताड चालू लागणार. बिचाऱ्या घड्याळाने अजून डोळेसुद्धा उघडलेले नसत.

"थांबा!" मी ओरडले. "आधी कोपऱ्यावरच्या मैदानात चला. तिथे गप उभं राहायचं. वर उपग्रह आहेत, ते सापडले की घड्याळ थरथरतं आणि हिरवी खूण दिसते. त्यानंतर बटण दाबायचं. हात खाली सोडायचा, स्वेटरची बाही वर ओढायची. आणि रात्री याला फोनशी जोडून ठेवायचं, म्हणजे उद्या कुठला उपग्रह कुठे असेल हे त्याला आधीच कळतं."

"आणि ते उपग्रह याला काय सांगतात?"

"वेळ."

ते माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे?"

"प्रत्येक उपग्रहात एक घड्याळ असतं, बाबा. अतिशय अचूक. ते सतत आपली वेळ खाली पाठवतं. ती पोहोचायला कुठल्या उपग्रहाकडून किती उशीर झाला, यावरून तुम्ही कुठे उभे आहात हे निघतं."

सासरे मैदानाच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी मान वर केली. वर स्वच्छ आकाश होतं, बघण्यासारखं काही नव्हतं. तरी बराच वेळ बघत होते.

"वर घड्याळं आहेत," ते म्हणाले. "हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?"

त्या दिवसापासून 'खेळणं' हा शब्द बंद झाला. नकाशावरची रेघ सरळ झाली आणि सासरे तुरुंगातून कायमचे सुटले. जुन्या, मऊ ब्रशने ते रोज त्याची चार्जिंगची टोकं साफ करू लागले, मागचं काचेचं भिंग मलमलीने पुसू लागले. नोंद 'गरजेपुरती', म्हणजे अधूनमधून, होत होती, ती त्यांनी स्वतः शोधून 'दर सेकंदाला' करून घेतली. नाडी एकशे पाचला गेली की इशारा म्हणून थरथर लावली. मी दोन वर्षं असंच घड्याळ वापरते, पण माझ्या घड्याळात हे सगळं आहे हे मला त्यांच्याकडून कळलं. शरम वाटली, पण कौतुक जास्त वाटलं.

पण नाडीचं काही जमेना. चालायला लागलं की पाच मिनिटांत आकडा एकशे अठरा. थरथर, थरथर. परत यायचं, बसायचं, मग ब्याऐंशी. रोज तेच. माझा नवरा स्वभावाने भित्रा आहे, तो त्याला काळजी म्हणतो. बाराव्या दिवशी त्याने वडिलांचे बूट उचलून माळ्यावर टाकले.

"बाबा, बास झालं. रोज एकशे अठरा. डॉक्टर बघतील तर चालणंही बंद करतील. मनोरा डोक्यातून काढा."

मला वाटलं, आता सासरे भडकणार. पण दुकान बंद केल्यापासून जपून ठेवलेलं जुनं स्टॉपवॉच त्यांनी कपाटातून काढलं, त्याला चावी दिली आणि ते कानाला लावून बसले. दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर मला म्हणाले, "अगं, बूट काढून दे. आणि तू पण चल. मला मोजायला एक माणूस हवंय."

काढून दिले. नवऱ्याशी नंतर जे व्हायचं ते होईल, म्हटलं.

नदीकाठी ते नेहमीसारखे चालू लागले. पाच मिनिटांनी मनगट वळवून मला दाखवलं. एकशे अठरा. मग त्यांनी स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं. "एक मिनिट लाव. माझी पावलं मोज. मोठ्याने नको."

मी मोजली. एकशे अठरा.

"आता बघ." त्यांनी चाल बदलली. वेग तोच, पण ढांगा लांब टाकायला लागले. मनगटावरचा आकडा उतरत गेला. एकशे बारा, एकशे सहा, एकशे दोन. मी पुन्हा पावलं मोजली. एकशे दोन. मग ते एकदम थांबले, दोन बोटं गळ्याच्या शिरेवर ठेवली आणि मला स्टॉपवॉच लावायला सांगितलं. पंधरा सेकंदांत तेवीस ठोके. म्हणजे मिनिटाला ब्याण्णव.

"काळीज नाही मोजत आहे ते," सासरे म्हणाले. "पाय मोजतंय. दोन दिवस मला वाटत होतं, हा ठोका ओळखीचा आहे. माणसाची नाडी इतकी एकसारखी चालत नसते गं, जराशी पुढेमागे होते. हा आकडा एकसारखा होता. चालणं एकसारखं असतं."

मी तिथेच बाकावर बसले. सरकारी खर्चाने मोजणीचं प्रशिक्षण मी घेतलंय आणि बारा दिवस तो आकडा बघून घाबरण्यापलीकडे मी काही केलं नव्हतं. या माणसाने दुखऱ्या छातीनिशी चालता चालता नुसत्या कानाने दोष पकडला होता.

"पण पाय का मोजतंय?" मी विचारलं.

ते खजील झाले. एवढे खजील की मला हसू आलं. त्यांनी मनगट पुढे केलं आणि घड्याळाच्या पट्ट्याखाली दुसऱ्या हाताचं एक बोट सहज सरकवून दाखवलं.

चाळीस वर्षं त्यांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी हे सांगितलं होतं. पट्ट्याखाली एक बोट शिरलं पाहिजे. घट्ट बांधलं तर घाम साठतो, घड्याळ गंजतं. सगळ्या गावाची घड्याळं त्यांच्यामुळे सैल आहेत, माझ्या लग्नातलं माझंसुद्धा. पण या घड्याळाच्या मागे हिरवा दिवा असतो. तो कातडीवर उजेड टाकून आतल्या रक्ताची ये-जा बघतो. पट्टा सैल असला की दर पावलाला घड्याळ हलतं, आत बाहेरचा उजेड शिरतो आणि मग त्याला रक्ताऐवजी तो हिसकाच दिसतो.

त्यांनी घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवलं. एक भोक आवळलं. मग माझ्याकडे न बघता आणखी एक. स्वतःचा नियम मोडताना त्यांचा चेहरा एखादं खोटं बोलल्यासारखा झाला होता. पाच मिनिटं चालून पाहिलं. ब्याण्णव, चौऱ्याण्णव, एक्क्याण्णव. गळ्यावरच्या बोटांशी दर वेळी मेळ बसत होता.

नवरा संध्याकाळी चिडला, मग त्याने स्वतःची पावलं आणि स्वतःचं घड्याळ तपासलं, आणि आपलाही पट्टा एक भोक आवळला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून पुढचे पूर्ण सहा आठवडे मोजायला सांगितलं. सासऱ्यांनी एकही सकाळ चुकवली नाही. नोंद बघून बाई म्हणाल्या, "चढा. पण घड्याळ लावून आणि कुणाला तरी बरोबर घेऊन. एकशे दहा झालं की थांबायचं. मिनिटभरात शंभरच्या खाली आलं तरच पुढे. नाही आलं तर परत फिरायचं आणि मनोऱ्याचा विषय संपला."

मंगळवारी मी रजा टाकली.

मनोऱ्याचा जिना गोल आणि चिंचोळा आहे. सासरे पुढे, मी मागे, माझ्या हातात चावी द्यायचं लोखंडी हँडल. दर वीस पायऱ्यांना ते थांबत. विसाव्या पायरीला अठ्ठ्याण्णव. चाळिसाव्या पायरीला एकशे पाच, थरथर झाली. जरा टेकले, त्र्याण्णववर आले, पुन्हा निघाले. साठाव्या पायरीला एकशे चौदा.

ते भिंतीला हात लावून उभे राहिले. वरून धुळीचा आणि जुन्या तेलाचा वास येत होता. चौतीस पायऱ्या उरल्या होत्या. मी मनात साठ आकडे मोजले आणि त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. एकशे तेरा.

त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही. "बाबा, पट्टा सैल झाला असेल," मी म्हणाले. "घाम आलाय. पुन्हा पावलं मोजत असेल ते."

सासऱ्यांनी पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं. शिरलं नाही. मग माझ्याकडे वळून मायेने बोलले.

"उभा आहे गं मी. पावलं कुठून आणील ते?"

ते पायरीवर बसले. आकडा शंभराच्या खाली यायला सात मिनिटं लागली. तोवर मी हलले नाही. मग त्यांनी हँडलकडे बोट केलं. "वर जा. वजनांचे दोर गुंडाळायची दोन रीळं आहेत. मोठ्याला बावन्न फेरे, लहानाला चाळीस. हिसका द्यायचा नाही. मग लंबकाला हळूच ढकल. मी इथून ऐकतो."

मी गेले. हात भरून आले, पण फेरे पुरे केले. काटे जागेवर आणले आणि लंबक ढकलला. टक, टक. मला तर छानच वाटलं.

"लंगडतंय!" खालून आवाज आला. "डावा ठोका लवकर पडतोय. लंबकाच्या वर एक पितळी स्क्रू आहे, तो चिमूटभर उजवीकडे फिरव. पुरे. आता परत सोड. आणखी जरासा. हां."

आता ठोके सारखे पडत होते.

मी खाली आले तेव्हा सासऱ्यांचे डोळे ओले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. एकेक पायरी बघत आम्ही उतरलो. चौकात त्यांनी घड्याळाचं बटण दाबून नोंद थांबवली. पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला. जतन करायची की पुसून टाकायची?

मी तो वाचला. ती नोंद पुसली असती तर डॉक्टरीणबाईंना काहीच कळलं नसतं आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा चढून बघता आलं असतं. हे मला कळत होतं, म्हणजे त्यांनाही कळत होतं. मी दुसरीकडे बघितलं. खरं सांगते, त्यांनी पुसावी असं मला वाटत होतं.

त्यांनी खिशातून भिंग काढलं, बोट नीट नेमून 'जतन करा' वर ठेवलं, आणि झालं की नाही ते दोनदा तपासलं.

"दर मंगळवारी अर्धा दिवस रजा मिळेल ना तुला?" त्यांनी विचारलं.