गुलखैऱ्यासाठी ऊन

उझबेकिस्तानातल्या मर्गिलानच्या बाजारात मी वीस वर्षं फुलांची रोपं विकतेय. गिऱ्हाईक आलं की मी दोनच गोष्टी विचारते: ऊन किती, आणि बघणार कुठून? बुटकी पुढे, उंच मागे, एवढं तर कुणालाही कळतं. पण या मार्चमध्ये आमच्या गल्लीतली सालोमतआपा आली नि म्हणाली, "ओयदिन, बघणारा निजलेला आहे गं."

बघणारा म्हणजे तिचा नवरा, एर्गश उस्ता. उस्ता म्हणजे कसबी कारागीर; नक्षीची दारं घडवणारा हा माणूस हिवाळ्यात अर्धांगवायूने आडवा झाला. जुलैपुढे टिकणार नाही, असं डॉक्टरांनी आपाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पलंगाचं नाव काढलं की उस्ता भडकायचा, म्हणून गाद्या जमिनीवरच.

"त्यांच्या उशीवर डोकं टेकून बघितलं मी," आपा म्हणाली. "खिडकीतून द्राक्षाच्या मांडवाचा एक कोपरा दिसतो, बस. माझ्या छातीइतकं उंच काहीतरी दे."

"तुझ्या अंगणात उन्हाळाभर द्राक्षवेलाचा काळोख. तिथे तेरडा येईल, गुडघ्याएवढा. उंच हवा तर गुलखैरा, आणि त्याला ऊन लागतं."

थंडीसाठी मातीखाली निजवलेले वेल त्या आठवड्यात सगळी गल्ली उकरून मांडवांवर चढवत होती. मी म्हटलं, "यंदा वेल उठवूच नकोस." शहाणपणा सगळा माझाच.

"हुसैनी द्राक्षाचा वेल आहे तो. लग्नाच्या वर्षी लावलाय त्यांनी."

"द्राक्षं ऑगस्टमध्ये येणार, आपा. खाणार कोण?"

जीभ हासडून टाकावीशी वाटली. पण तिने मान डोलावली आणि गेल्या वर्षी पेरलेली, डब्यांतली नऊ रोपं घेऊन गेली.

"वेल उठवला का?" उस्ता रोज विचारायचा.

"उठवला हो. या कोपऱ्यापर्यंत यायचाय अजून."

मेच्या अखेरीस फुलं उघडली, काळपट लाल, बरोब्बर खिडकीच्या कट्ट्याच्या वर. आपाने मला चहाला बोलावलं. मला कुठे ठेवू नि कुठे नको, असं तिला झालं होतं. "बघा तरी! तुमच्यासाठी लावलीत," ती उस्ताला म्हणाली.

उस्ता फुलांकडे बघेना. तो चादरीवरच्या आपल्या हाताकडे बघत होता. हातावर ऊन होतं.

"या खोलीत मेमध्ये ऊन येत नाही," तो अडखळत म्हणाला. "वेल मातीतच आहे ना?"

"अहो, तसं नाही..."

"त्याला पुरलेलाच ठेवलात. मला कधी पुरायचं ठरलंय?"

आम्ही दोघी फावडी घेऊन अंगणात धावलो. उकरलं तर खोड हाताला भिजलेल्या नानसारखं लिबलिबीत लागलं. पांढरे कोंब धरताच गळून आले. आपा मातीतच बसली आणि डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबून रडली.

आतून आवाज आला, "जिवंत आहे का?"

"आहे, आहे! कोंब फुटलेत," आपा ओरडली.

"मग सावली करा."

ती तशीच मातीच्या हातांनी आत गेली. ठेवणीतली जाड रजई काढून तिने खिडकीवर खिळ्यांनी ठोकली. गुलखैरे बाहेर राहिले, मीही बाहेरच.

हातोडी थांबली. मग उस्ता म्हणाला, "छान. पानं दाट आलीत यंदा."