मंचावरची पाचवी खुर्ची

"यहाँ कोई बैठा है?" असं तिसऱ्या माणसानं विचारलं, तेव्हा चंद्रप्रभानं बाजूच्या खुर्चीवरची पर्स आणखी घट्ट दाबली.

"जी, मेरे पति आ रहे हैं."

पती, म्हणजे बळवंतराव निमकर, शाळेच्या त्या हॉलच्या दारातच अडकले होते. सहा वर्षांपूर्वी ज्या खात्यातून ते अवर सचिव म्हणून निवृत्त झाले, त्याच खात्याची आज जनसुनावणी होती. दारात उभी असलेली माणसं त्यांना वाकून नमस्कार करत होती, आणि बळवंतराव प्रत्येकाला नावानिशी ओळखून दाखवत होते. नवऱ्याचं हे ओळखून दाखवणं चंद्रप्रभाला एरवी कंटाळवाणं वाटायचं. आज मात्र बरं वाटलं. आपला माणूस यांच्यातलाच आहे, याला कोणी गंडवू शकणार नाही, असं तिच्या मनात आलं.

दिल्लीतल्या यमुनेपलीकडच्या या वसाहतीत दोन खोल्यांचा एक सरकारी दवाखाना होता. तो पाडून तिथं बहुमजली पार्किंग बांधायचं होतं आणि दवाखाना फ्लायओव्हरच्या पलीकडे न्यायचा होता. पलीकडे ई-रिक्षा जात नाहीत. ज्यांना तिकडे चालत जावं लागणार होतं, त्यांतल्या बहुतेकांना गुडघे नव्हते म्हटलं तरी चालेल. लोकांचं म्हणणं ऐकल्याशिवाय निर्णय होणार नाही, असं नोटिशीत छापलं होतं. चंद्रप्रभानं त्या ओळीवर अक्षरशः विश्वास ठेवला. दोन आठवडे ती दारोदार फिरली. कोण बीपीच्या गोळ्या घेतं, कोणाचं बाळ लसीचं आहे, मागच्या झुग्गी-झोपड्यांतून किती बायका येतात, सगळं तिनं वहीत उतरवलं. तिच्यासोबत रोज फिरायला होत्या तिसऱ्या मजल्यावरच्या गंगुबाई, वर्ध्याहून मुलाकडे राहायला आलेल्या, सत्तरीच्या, साखरेच्या आजारानं बेजार. त्यांचा मुलगा सरकारी नोकरीत, त्याला सरकारी सभेत तोंड उघडायची सोय नाही.

"त्याला नोकरी आहे, मला थोडीच आहे? मी बोलते," गंगुबाई म्हणाल्या होत्या. चंद्रप्रभाच्या ओट्याशी उभं राहून त्यांनी आपलं हिंदी भाषण पाठसुद्धा केलं होतं. चार वाक्यांचं भाषण, पण कुकरची शिट्टी झाली तरी न थांबणारं.

पण बळवंतरावांनी दोघींना समजावलं होतं. "दहा जण दहा गोष्टी बोलले की अधिकारी एकही ऐकत नाही. एकच आवाज हवा. सगळ्यांच्या वतीनं मी बोलतो. मला त्यांची भाषा येते."

गंगुबाईंचा चेहरा तेव्हा एवढासा झाला होता. तरी त्या म्हणाल्या, "साहेब बोलतील तर मग काय, बिल्कुल चांगलं."

आता त्या चंद्रप्रभाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या होत्या. इस्त्रीची पांढरी साडी, मांडीवर दवाखान्याचं कार्ड. शेजारी सून लुंबिनी.

मंचावर सुधन्वा उभा राहिला. तो आता खात्याचा संचालक होता. पंधरा वर्षांपूर्वी नव्यानं दिल्लीत आला तेव्हा तो बळवंतरावांच्या हाताखाली होता, आणि तीन वर्षं दर रविवारी चंद्रप्रभाच्या हातचं जेवला होता. वरणभातावर तूप वाढताना "बास काकू" असं त्यानं कधी म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. मघाशी तो पाया पडून गेला तेव्हा तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि म्हटलं होतं, "आमचं नीट ऐक रे."

"त्यासाठीच तर आलोय, काकू," तो म्हणाला होता.

माईकवरून त्याचा आवाज आला. "सुरू करण्याआधी," तो हिंदीत म्हणाला, "आज आपल्यात ते बसले आहेत ज्यांच्याकडून मी काम शिकलो. निमकर सर, कृपया मंचावर यावं."

टाळ्या पडल्या. बळवंतराव नुकते कुठे पत्नीशेजारी टेकत होते. त्यांनी नको नको म्हणत हात हलवला, एकदा, मग दुसऱ्यांदा जरा सावकाश, आणि उठले. पायऱ्या चढताना त्यांनी कोटाचं बटण लावलं. एका बाईनं त्यांच्या खांद्यावर शाल घातली. मंचावर पाच खुर्च्या होत्या, चौघं अधिकारी चारांत बसले होते. पाचवीसमोर टेबलावर पाटी होती, छापील: श्री बळवंत निमकर, निवासी प्रतिनिधि.

चंद्रप्रभानं ती पाटी दोनदा वाचली. आत्ता सुचलं म्हणून बोलावलेल्या माणसाच्या नावाची पाटी आधीच छापून कशी तयार असेल, असा प्रश्न तिला पडला. तिनं वर पाहिलं. बळवंतराव पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते.

पडद्यावर चित्रं सरकली. पार्किंगच्या भिंतींवर वेली, पलीकडच्या दवाखान्यात हसरी नर्स. मग सुधन्वानं विचारलं, कोणाला काही म्हणायचंय? चंद्रप्रभा नवऱ्याकडे बघत राहिली. वहीतले आकडे त्यांच्या खिशात होते, सकाळी तिनंच घडी करून दिले होते. बळवंतराव समोर बघत होते, पण कोणाकडेच नाही. सरकारी फोटोंत लोक बघतात तसं.

अर्धं मिनिट गेलं. गंगुबाईंनी कार्ड लुंबिनीच्या हातात दिलं आणि उठल्या. माईकवाला मुलगा त्यांच्याकडे निघाला.

"साहब," गंगुबाई माईकविनाच म्हणाल्या, "मैं रोज़ दवाखाने जाती हूँ..."

"माताजी, आप बैठिए, बैठिए," सुधन्वा अगदी मायेनं म्हणाला. "आपके प्रतिनिधि तो यहीं मंच पर हैं. आपकी हर बात हम तक पहुँच चुकी है. क्यों सर?"

सगळा हॉल बळवंतरावांकडे बघू लागला. चंद्रप्रभाला वाटलं, आता. आता खिशात हात घालतील.

बळवंतरावांनी मान हलवली. वरून खाली, एकदाच.

गंगुबाई खाली बसल्या. चहा-समोशांचा वास आला तसे मागचे लोक उठू लागले, आणि त्या गडबडीत माईकवरून कोणीतरी वाचून दाखवलं की निवासी प्रतिनिधींच्या उपस्थितीत प्रस्तावाला सर्वानुमते पाठिंबा मिळाला आहे, तरी कोणाची हरकत असल्यास ती शुक्रवारपर्यंत लेखी द्यावी.

चंद्रप्रभा नवऱ्यासाठी थांबली नाही. गंगुबाईंचा हात धरून ती घरी आली.

बळवंतराव तासाभरानं आले. शाल घडी करून त्यांनी सोफ्याच्या पाठीवर ठेवली.

"जेवायला वाढतेस?"

"तुम्ही मूग गिळून का बसलात?"

"अगं, तिथं मंचावर बसून विरोधात बोलता येतं का? चांगलं दिसलं नसतं." मग बुटांच्या नाड्या सोडता सोडता ते म्हणाले, "फार हुशारीनं केलं पोरानं. जो जास्त बोलेल त्याला वर बसवायचं. मीच सांगायचो त्याला."

त्या आवाजात तक्रार होती, पण थोडं कौतुकही होतं. चंद्रप्रभाला ते कौतुक सहन झालं नाही. माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढतो हे ती समजू शकत होती. चाळीस वर्षं तिनं यांना चढताना पाहिलं होतं, आणि उतरवलंही होतं.

"पाटी छापलेली होती," ती म्हणाली. "त्यानं तुम्हाला आधी विचारलं होतं?"

"विचारलं म्हणजे... फोन आला होता. सर, सगळ्यांच्या वतीनं तुम्हीच असा, म्हणजे नीटनेटकं होईल, म्हणाला."

"कधी?"

ते नाडी सोडत राहिले.

"अहो, कधी आला होता फोन?"

"गुरुवारी. दुपारी."

गुरुवारी संध्याकाळी याच खोलीत त्यांनी गंगुबाईंना सांगितलं होतं, एकच आवाज हवा. चंद्रप्रभाच्या हातातलं ताट तिथंच राहिलं. सुधन्वानं केसानं गळा कापला, हे तिनं वाटेतच मनाशी पक्कं करून टाकलं होतं. त्याला घातलेलं सगळं तूपही तिचं मनातल्या मनात परत मागून झालं होतं. पण हे त्याच्या कितीतरी आधी, तिच्या घरात, तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं, आणि ती तेव्हा चहा गाळत होती.

"गप्प बसा, असं म्हणाला होता तो?"

"छे. तसं काही नाही म्हणाला."

"मग ते तुमचं तुम्ही केलंत."

तिनं ताट त्यांच्यासमोर ठेवलं, पाणी ठेवलं, आणि आतल्या खोलीत जाऊन वहीचं कोरं पान फाडलं. हिंदी लिहायची तिला सवय नव्हती, अक्षरं वाकडी आली. हरकतीत तिनं लिहिलं की मंचावर बसलेले श्री. निमकर माझे पती आहेत, ते आमच्या वतीनं एक शब्दही बोलले नाहीत, आणि आमच्यातली जी बाई बोलायला उठली तिला बोलू दिलं नाही. गोळ्यांचे, लसींचे सगळे आकडे तिनं आठवून पुन्हा मांडले. फोनबद्दल मात्र लिहिलं नाही. दोनदा पेन टेकवलं आणि उचललं. खाली सह्यांसाठी जागा सोडून, चप्पल घालून ती जिना चढली.

दार गंगुबाईंनीच उघडलं. कागद त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला. सही केली, जुन्या शाळेतल्या वळणाची, पूर्ण नावानिशी. मग कागद परत देताना चंद्रप्रभाचा चेहरा बघून त्यांनी तिचा दंड धरला.

"साहेबांना घरी काही बोलू नको, ताई. त्यांचा काय दोष? असं अचानक वर बोलावल्यावर माणूस गोंधळतोच."

चंद्रप्रभानं कागदाची घडी घातली, आणि पुन्हा उघडली.

"अचानक नाही, गंगुबाई," ती म्हणाली. "आत येऊ का? बसून सांगते."