खड्ड्यातला नारळ

२००६च्या फुटबॉल वर्ल्ड कपसाठी बर्लिनच्या जुन्या ऑलिंपिक स्टेडियमची दुरुस्ती काढली होती, आणि तिथला इंजिनिअर, साताऱ्याचा देवदत्त, पोलिसांच्या दोरीबाहेर येरझाऱ्या घालत होता. सकाळी प्रेक्षकांच्या बाकांखालचा खड्डा आणखी खोल खोदताना दुसऱ्या महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब सापडला होता. जवळजवळ साठ वर्षं लोक त्याच्या डोक्यावर बसून गोलांना टाळ्या वाजवत होते. आता आत तज्ज्ञ तो निकामी करत होते.

 ते लोखंड देवदत्तने सकाळी पाहताक्षणी ओळखलं होतं. कामाला हात घालण्याआधी नारळ फोड, असं आईने बजावलं होतं, म्हणून काल कोणी नाही असं बघून तो त्याच खड्ड्यात उतरला होता. माती भुसभुशीत होती. त्यातून एका गंजक्या पाइपाचं टोक वर आलेलं दिसलं, त्यावर त्याने नारळ आपटला होता. तो पाइप नव्हता.

अखेर भोंगा वाजला. धोका टळला होता, माणसं हसत आत निघाली. देवदत्त दोरीबाहेरच थांबला. तेवढ्यात आईचा फोन आला.

"फोडलास ना रे नारळ?"

"फोडला."

"एका फटक्यात फुटला ना? शुभ असतं ते."

त्याने दोरीपलीकडच्या खड्ड्याकडे पाहिलं.

"नाही गं आई. चार-पाचदा जोर लावून आपटावा लागला."