दोन वाजताचं शिकामू

टांगा शहरातल्या सिकुधानी आजींनी सत्तरीत प्रोग्रामिंग शिकायला घेतलं ते हट्टानं. मुलं दार-एस-सलामला गेल्यापासून सकाळी दारात येऊन 'शिकामू' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. धाकट्यानं शिकामू म्हणून नमस्कार करायचा, थोरल्यानं 'मराहाबा' म्हणून तो स्वीकारायचा, त्याशिवाय कसला दिवस उजाडतो? म्हणून आजींनी चार ओळींचं फंक्शन लिहिलं: सतत घड्याळ बघायचं आणि दोन वाजले की शिकामू म्हणायचं.

सकाळचे दोन वाजले. संगणकाचा पडदा ढिम्म. आजींनी वाचनालयात शिकवणाऱ्या झुहुराला फोन लावला.

झुहुरा हसली. "आजी, आपण सूर्य उगवल्यापासून तास मोजतो. संगणक मध्यरात्रीपासून मोजतो. त्याच्या लेखी आत्ता आठ वाजलेत."

"मेल्याला अक्कल नाही! अंधारात कसला दिवस मोजतो?" करवादत आजींनी दोनाचे आठ केले.

पडद्यावर उमटलं, शिकामू. त्याखाली पुन्हा शिकामू. मग ओळीमागून ओळ धावतच सुटली.

"अगं, हे थांबतच नाही!"

"आणखी एक चूक राहिली. एकदा म्हटलं की पुरे, असं त्याला सांगावं लागतं, नाहीतर त्याचे नऊ वाजेपर्यंत, म्हणजे आपले तीन, तो म्हणतच राहील. मी सांगते, तुम्ही लिहा."

आजींचे हात मांडीवरच राहिले.

"मराहाबा," त्या पुटपुटल्या. "मराहाबा... मराहाबा..."

"आजी, लिहिताय ना?"

"तुला कसली गं एवढी घाई?" आजी खेकसल्या, पण आवाज ओला झाला होता. "राहू दे ती चूक. माझे तीन वाजेपर्यंत तरी राहू दे."